इथं करमत नाही

अगं, काल तू फोन ठेवलास आणि मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. भाजीचे भाव सांगितलेस, टँकरचं पाणी, काकूचा गुडघा, सगळं सांगितलंस. आणि अगदी ठेवता ठेवता, आवाज खाली आणून म्हणालीस, "आक्का, इथं करमत नाही गं." मी काही बोलायच्या आत, "काही नाही, असंच," म्हणून फोन बंद. त्या "असंच"नं मला रात्री झोप लागू दिली नाही. फोनवर तुला मोकळं बोलता येत नाही, हे मी ओळखून आहे. जावईबापू नाईट करून आलेले, एका खोलीत झोपलेले, तू बाथरूमच्या दाराशी उभी राहून कुजबुजणार. म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच.

आधी तुझा तो शब्दच बघ. "मी एकटी आहे" असं आपण कुणी म्हणत नाही. आपली आजी म्हणाली नाही, आई म्हणाली नाही. आपण म्हणतो, करमत नाही. आणि बहुतेक वेळा त्याच्या आधी "इथं" लावतो. म्हणजे आपल्या बोलीला पहिल्यापासून ठाऊक आहे की हे दुखणं माणसाच्या आत जेवढं असतं, तेवढंच ते जागेत असतं, दिवस कसा मांडलाय त्यात असतं. तू मात्र सगळं स्वतःवर घेऊन बसलीस. "मलाच माणसात मिसळता येत नाही," असं मागं एकदा म्हणाली होतीस. वीस वर्षं ज्या पोरीनं गावातल्या प्रत्येक लग्नात रुखवत मांडलं, तिला चाकणला येऊन आठ महिन्यांत मिसळता येईनासं झालं? मला हे पटत नाही.

माझं सांगते. हे मी तुझ्या दाजींनाही कधी नीट सांगितलेलं नाही.

1993 साली लग्न होऊन मी भोसरीत आले. दहा बाय बाराची खोली, चाळीत अकरा खोल्या, टोकाला संडास, मधे एक नळ. दाजी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. नाईटच्या आठवड्यात ते सकाळी साडेसातला यायचे, चहा घ्यायचे आणि डोक्यावरून चादर ओढून झोपायचे. आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा, आवाज न करण्याचा. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, म्हणून मी डाळ पातेल्यात शिजवायचे. बांगड्या वर सरकवून ठेवायचे. बादली उचलून न्यायची, ओढायची नाही. रेडिओ नाही. कुणी दारात आलं तर ओठांवर बोट ठेवायचं. दोन-तीन वेळा ओठांवर बोट बघितल्यावर कोण येईल पुन्हा? चाळीत माझं नाव पडलं, लातूरकडची शिष्ट बाई.

आणि मलाही बाकीच्या दहा खोल्यांतल्या बायका शिष्ट वाटायच्या. दारं लोटलेली, आतून चिडीचूप. मी मनात म्हणायचे, कसली माणसं ही, गावाकडं दुपारी एवढी शांतता फक्त कुणी गेल्यावर असते. दीड वर्ष असं गेलं. एका दुपारी समोरच्या खोलीतली बाई हातात वाटी घेऊन आली. धुळ्याकडची. कुजबुजतच म्हणाली, "ताई, इरजन शे का?" मला आधी कळलंच नाही. मग वाटी बघून कळलं, विरजण मागतेय. मी कुजबुजत विचारलं, "तुमचेपण नाईटला?" तिनं मान हलवली आणि आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो. इतकं हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं होतं की दुसरं कशाचं, मला आजही सांगता येणार नाही. अकरा खोल्यांत निदान पाच-सहा घरं दर आठवड्याला नाईटवाली असायची. म्हणजे आम्ही सगळ्याच एकमेकींसाठी भिंत झालो होतो, आणि प्रत्येकीला वाटत होतं की भिंत समोरचीनं घातलीय.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या खोलीतली ती शांतता कारखान्याच्या पाळीनं तयार केली होती. कुणाच्या स्वभावाचा तो भागच नव्हता.

आता तू तुझ्या भोवती बघ. तुझ्या बिल्डिंगीत चार मजले, एका मजल्यावर सहा वन आरके. कुणाची फर्स्ट, कुणाची नाईट. त्यात सुट्ट्यांचं बघ. आपल्याकडं कित्येक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वीज सगळ्यांना एकदम लागू नये म्हणून वार वाटून दिले गेले, त्यातून रूढ झालेली ही पद्धत. पोरांची शाळा रविवारी बंद, बापाचा कारखाना गुरुवारी बंद. माझ्या लेकाच्या लहानपणी बाप-लेक आठवड्यातला एकही पूर्ण दिवस एकत्र जागे नसायचे. नातेवाइकांची लग्नं, वाढदिवस, बारशी सगळी रविवारी. आपण नाही गेलो की लोक म्हणतात, पुण्याला गेले आणि माणसं विसरले.

आणि मुदती. तुझ्या घराचा करार 11 महिन्यांचा. जावईबापू कंत्राटावर, तिथं 240 दिवस भरायच्या आत ब्रेक देण्याची चाल आहे, कारण वर्षभरात तेवढे दिवस भरले की कामगाराचा हक्क उभा राहतो. ब्रेक मिळाला की दुसरा कॉन्ट्रॅक्टर, दुसरी कंपनी, महाळुंगेहून एकदम रांजणगाव, मग परत खोली बदल. शेजारणीशी ओळख व्हायला साधारण किती दिवस लागतात गं? नुसतं हसण्यापासून ते "जरा पोराकडं बघ, मी दळण टाकून येते" इथपर्यंत यायला? माझ्या हिशेबानं वर्ष तरी. आणि तुमच्या आयुष्यातली एकही गोष्ट वर्षाची नाही. ओळख पिकायच्या आतच टेम्पोत सामान चढतं. दोन-तीनदा असं झालं की माणूस ओळख करायचंच सोडून देतो, कशाला जीव लावा म्हणून. तुझ्या समोरची ओडिशाची बाई तुझ्याकडं बघून हसत नाही म्हणालीस ना? तिची ही कितवी खोली आहे, विचारून बघ.

हा सगळा पट्टाच मुळी कामासाठी बोलावलेल्या माणसांचा. पिंपरीला 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, मग एकामागून एक कारखाने येत गेले. 1982 ला पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. 2001 ला इथं दहा लाख माणसं होती, 2011 च्या जनगणनेत 17 लाख 27 हजार. पुढं चाकणचा माळ भरला, कांद्याच्या बाजाराचं गाव मोटारींचं गाव झालं. दहा वर्षांत सात लाख माणसं वाढली म्हणजे लाखो वेळा कुणीतरी कुठल्यातरी एसटी स्टँडवर आईला वाकून नमस्कार करून निघालं असेल. ती माणसं उतरून घ्यायला प्लॉट आखले, रस्ते आखले, शेड उभ्या राहिल्या. त्यांनी एकमेकांना भेटावं कुठं, हे कुणी आखलं का? प्राधिकरणात, निगडीत बागा आहेत, दुर्गा टेकडी आहे, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, हे खरं आणि चांगलं. पण तुझ्या नाणेकरवाडीत, तिकडं निघोज्यात, संध्याकाळी बाईनं घराबाहेर पडून बसावं अशी एक जागा मला दाखव. रस्त्यावर कंटेनर, चौकात ट्रॅफिक. मी मोशीत, तू चाकणला, मधे एक इंद्रायणी. अंतर ते केवढं! तरी तुझ्याकडं यायचं तर मला अर्धा दिवस काढून ठेवावा लागतो.

तू म्हणशील, आक्का, माणसं कायमच पोटासाठी शहरात गेली, त्यात नवं काय? बरोबर. मुंबईच्या गिरणगावात कोकणातली, घाटावरची माणसं याहून वाईट जागेत राहिली. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण, पाळ्या लावून झोपायचे. पण त्या खोल्या बहुतेक गावाच्या असायच्या. गावकीनं घेतलेल्या, एका गावच्या माणसांच्या. भजनी मंडळ होतं, व्यायामशाळा होती, आणि खानावळ होती. खानावळवाली बाई नुसती पोळ्या लाटत नव्हती, कोण आज जेवायला आला नाही हे तिला कळायचं. न आलेल्या माणसाची कुणालातरी चुटपुट लागायची, एवढीच ती गोष्ट. याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना कर्ज मिळवून दिलं. आपल्या चाकणच्या पोरांनाही मेस आहे, कॉट बेसिसवर खोली आहे. पण डबा दाराला अडकवून जातो. तीन दिवस डबा तसाच राहिला तर कोण विचारतं? गिरणगावात सगळं गोड होतं असं मुळीच नाही. जातीपातीनं चाळी वाटलेल्या होत्या, आणि त्या गड्यांच्या बायका गावी एकट्या झुरत होत्या, त्यांचं कुणी मोजलं नाही. मी एवढंच म्हणतेय की गरिबी तेवढीच होती, पण माणूस बुडू नये म्हणून खाली जाळं होतं.

गावाकडचंही तसंच. तुला आता गाव स्वर्गासारखं आठवतंय. भरलं घर, अंगण, लिंबाखाली गप्पा. पण आपल्या मोठ्या वहिनीचा चेहरा आठव. अकरा माणसांच्या घरात तिच्याशी कोण बोलायचं? मुळशीपासून कितीतरी खेड्यांत जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी वर्षानुवर्षं फिरून गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या भरल्या. त्यांत भाऊ आहे, माहेरची वाट आहे, विठ्ठल आहे, आणि कुणाला न सांगता येणारं जातं ऐकतंय असं पुन्हा पुन्हा येतं. भरल्या घरातल्या बाईला दगडाशी बोलावं लागत होतं. पण एक ध्यानात घे. जातं दोघी मिळून ओढायच्या. समोर दुसरी बाई असायची, ओवी ऐकणारी. आपण जातं टाकलं ते बरंच झालं, हात मोडायचे. त्याबरोबर ती समोरची बाईही गेली, तिच्या जागी काही आलं नाही. तुझ्या हातात आता फोन आहे. फोनमध्ये सगळ्यांचे स्टेटस. तू गजऱ्याचा फोटो टाकतेस, मी "छान" म्हणते, काकू अंगठा दाखवते, आणि त्या गजऱ्याच्या दिवशी तू रडून उठलेली असतेस हे कुणाला कळत नाही.

एकटं असण्यात वाईट काही नसतं बरं का. तुझ्या खिडकीतून लांब दिसतो तो भामचंद्र डोंगर, वासुलीच्या अंगाला. तुकोबा तिथं जाऊन एकांतात बसत, असं परंपरा सांगते. पण तो एकांत त्यांनी निवडलेला होता, आणि खाली देहूत कीर्तनाला टाळकरी वाट बघत होते. परत जायला माणसं असली की एकांत सोसतो, आवडतोसुद्धा. तुझं तसं नाहीये. तुझ्यावर तो येऊन पडलाय.

आणि हे श्रीमंतांचं, परदेशातलं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना, "रिकामं बसलं की सुचतं असलं"? जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 च्या जूनमध्ये मोठा अहवाल काढला. जगात दर सहा माणसांत एकाला हा एकटेपणा सतावतो. आणि श्रीमंत देशांत हे प्रमाण 11 टक्क्यांच्या आसपास, तर गरीब देशांत 24. दुपटीहून जास्त. तरुण पोरापोरींत अधिक. ब्रिटननं 2018 ला यासाठी मंत्री नेमला, जपाननं 2021 ला. अमेरिकेचे माजी सर्जन जनरल विवेक मूर्ती, मूळचे आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या घरचे. त्यांनी 2023 ला लिहून ठेवलं की माणसांपासून तुटणं शरीराला दिवसाला पंधरा सिगारेटींइतकं बाधू शकतं. म्हणजे हे मनाचे चोचले नाहीत. शरीर झिजतं. तुझं डोकं दुखतं, पाळी पुढंमागं होते, जेवण जात नाही, आणि तू प्रत्येक वेळी मेडिकलवरून गोळी आणतेस.

जावईबापूंबद्दल एक बोलू? रागावू नकोस. तू म्हणतेस, येतात, जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. अगं, लाइनवर आठ तास कानात मशीन, बोलायला बंदी, वर सुपरवायझर, आणि पुढच्या महिन्यात ब्रेक मिळेल का ही धाकधूक. त्या पोराला तरी कोण आहे? बायकांना निदान "करमत नाही" म्हणायची मुभा आहे. गड्यानं म्हटलं तर लोक हसतील. लग्न ठरताना तुझ्याच बाबांनी "पर्मनंट आहे का?" हे तीनदा विचारलं होतं, तेव्हा त्याची मान किती खाली गेली होती ते मी पाहिलंय. तुझं सगळं एकटेपण त्याच्या एकट्यावर टाकू नकोस. नवरा म्हणजे अख्खं गाव नव्हे, त्याला ते पेलणार नाही. तुला त्याच्याशिवाय दोन-तीन माणसं हवीत.

ती कशी मिळतील? सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट सांगते, ती मला त्या धुळ्याच्या बाईनं शिकवली. कुणाला काही द्यायला जाऊ नकोस, मागायला जा. आपण उलट वाढलो. कुणाच्या दारात हात पसरू नये, घरातलं बाहेर सांगू नये, चार लोक काय म्हणतील. म्हणून आपण पहिल्यांदा लाडू घेऊन जातो. घेणाऱ्या बाईला ओझं होतं, ती डबा परत देताना आत काय घालावं याच्या विचारात पडते. मागितलं की समोरचीला वाटतं, माझ्याकडं काहीतरी आहे. विरजण, किसणी, सुईदोरा, इडलीचं पात्र. त्या ओडिशाच्या बाईला मराठी येत नाही, नसू दे. विरजण सगळीकडं लागतं.

दुसरं, ठरलेला दिवस हवा. "कधीतरी भेटू" यातून काही उगवत नाही. भोसरीत आम्ही पुढं पाच जणींनी भिशी लावली, महिन्याला शंभर रुपयांची. त्या पैशानं कुणी श्रीमंत झालं नाही. पण दर महिन्याच्या 10 तारखेला कुणाच्या तरी खोलीत पाच जणी बसणार हे पक्कं झालं, आणि कुणी आली नाही तर बाकीच्या चौघी तिच्या दारात जायच्या. तू बचत गट बघ, अंगणवाडीच्या ताईंना विचार, त्यांना सगळी घरं माहीत असतात. पट्ट्यात गावागावची मंडळं आहेत. खान्देशी लोक श्रावणात कानबाई बसवतात, तेव्हा अख्खी गल्ली रोट खायला असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करतात. मी तर म्हणते, त्यात विधवा शेजारणीलाही बोलव. एकटेपण वाटून देण्याचं काम आपल्याच काही रीतींनी केलंय, त्या मोडायलाही आपणच पाहिजे.

आणि हे न चुकता ऐक. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, आणि "आपण नसलो तर काय बिघडतं" असं मनात यायला लागलं, तर मग विरजण-भिशी पुरे पडत नाही, डॉक्टर लागतो. त्यात लाज नाही. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारचा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी तुझ्यासोबत दवाखान्यात येईन. बाहेर बाकड्यावर बसून राहीन. काकूला काय सांगायचं ते मी बघते.

मला स्वतःचाही राग आला काल रात्री. आठ महिने तू बारा-पंधरा किलोमीटरवर आहेस आणि मी दोनदा आले. "आपलीच आहे, कधीही जाता येईल" म्हणत राहिले. ट्रॅफिकचं निमित्त मला पुरत होतं.

गुरुवारी येते. दाजींची सुट्टी आहे, ते गाडीवर सोडतील आणि दुपारी जावईबापूंना घेऊन चक्रेश्वराच्या देवळाकडं चक्कर मारून येतील. तोवर आपण कुकर लावू, चांगल्या पाच शिट्ट्या होऊ देऊ. कढी कर. दह्याला विरजण मात्र घरातलं लावू नकोस. बुधवारी संध्याकाळी वाटी घेऊन समोरच्या दारात जा. मी आल्यावर पहिलं विचारीन, विरजण कुणाकडचं आहे.